शेळीनं सोडलेलं रान

दसऱ्याच्या आगेमागे धारूरच्या घाटात थांबून समोरचा डोंगर नीट न्याहाळला, तर एक कोडं दिसतं. बालाघाटाच्या या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या चरत आल्या आहेत. उस्मानाबादी जातीची काळी शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि बोरीच्या काट्यांतूनही पान न् पान वेचून खाते. पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही एका वर्षी येतो आणि पुढच्या वर्षी हुलकावणी देतो. अशा ठिकाणी डोंगर बोडका व्हायला हवा. बोरी, बाभळी, हिवर टिकले ते काट्यांच्या जिवावर, हे समजू शकतं. पण त्यांच्या मधोमध बिनकाट्याची, मऊ पानांची, शेळीच्या तोंडाला सहज लागतील अशी झुडपंही खुशाल उभी असतात. उतारावर सीताफळ आणि तरवड, ओढ्याकाठी निरगुडी, गावाजवळ अडुळसा. शेळी त्यांच्याजवळ जाते, हुंगते आणि पुढे सरकते.

या कोड्याच्या मागे लागलं की बीड जिल्ह्याचा सगळा झाडपाला वेगळाच दिसू लागतो.

वनस्पतीला पळून जाता येत नाही. ऊन वाढलं, पाणी आटलं, शेळी आली, अळी आली, तरी जागा सोडायची सोय नाही. मग अंगावर काटा काढायचा, नाहीतर अंगात रसायन तयार करायचं, असे दोन मुख्य उपाय उरतात. म्हणून चराऊ रानात काटा नसतानाही जे झुडूप हिरवंगार उभं आहे, त्याच्या पानात काहीतरी दडलेलं आहे असं खुशाल समजावं. ते ‘काहीतरी’च पुढे आपल्या काढ्यात, लेपात, धुरीत उतरतं. आपण ज्याला औषध म्हणतो, ते झाडानं स्वतःच्या बचावासाठी केलेलं असतं. आपण ते उसनं घेतो.

यात आणखी एक मेख आहे. रसायन बनवायला झाडाला खर्च येतो. जी साखर पानं-फुलं वाढवायला लागली असती, ती इथे मोडावी लागते. त्यामुळे झाड हा खर्च जपून करतं. कोवळ्या पानात एक असतं, जून पानात दुसरं. पहाटे असतं ते दुपारी उरत नाही. पावसाळ्यात पानात असतं ते हिवाळ्यात मुळात उतरतं. झाडपाल्याची माहिती म्हणूनच निम्मी ओळखीची आणि निम्मी वेळेची. बीडच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांना ही दुसरी निम्मी बाजू तोंडपाठ असते. विज्ञान तिच्या मागची कारणं आता एकेक करून उलगडतंय.

गर गोड, बी कडू

सुरुवात सीताफळापासून करू, कारण ते बीडची ओळख आहे. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. धारूर, अंबाजोगाईच्या डोंगरांत हे झाड कुणी न लावता उगवतं. पण ते मूळचं इथलं नाही. अमेरिका खंडातलं हे झाड पोर्तुगीजांच्या काळात भारतात आलं. परमुलखातलं झाड बालाघाटात इतकं रुळलं, त्याचं निम्मं श्रेय शेळीला जातं. तिनं भोवतालची चविष्ट रोपं फस्त केली आणि हे तेवढं ठेवलं.

सीताफळाच्या पानांत आणि बियांत ॲसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत अन्नापासून ऊर्जा काढणारी एक साखळी असते. ही द्रव्यं त्या साखळीची पहिलीच कडी अडवतात. किडा असो की जनावर, ऊर्जेचा पुरवठाच मंदावतो. गर मात्र साखरेनं ओथंबलेला. झाडाचा हिशेब सरळ आहे: गर खा, बी थुंकून दे, म्हणजे माझं रोप लांब जाईल, बी चावलीस तर याद राख. पूर्वी डोक्यातल्या उवांसाठी बियांची पूड लावत, ती याच गुणामुळे. पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जबर इजा होते. डोळ्यांच्या डॉक्टरांना असे रुग्ण नवे नाहीत. उवांसाठी आज बरे उपाय आहेत, तेव्हा ती पूड वापरूच नये.

अडुळशाची गोष्ट याहून नवलाची. बांधाला, परसाला अडुळशाचं कुंपण करतात, कारण शेळी त्याला तोंड लावत नाही. त्याच्या पानात व्हॅसिसिन हे कडूजहर द्रव्य आहे. ते श्वासनलिका सैल करतं, म्हणून अडुळशाचा रस मधातून खोकल्याला देत आले. विसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅसिसिनच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन तयार केलं, आणि ब्रोमहेक्सिनपासून शरीरात जे बनतं, त्यातून ॲम्ब्रोक्सॉल हाती आलं. औषधाच्या दुकानातली कफाच्या औषधाची बाटली उचला आणि बारीक अक्षरं वाचा. यातलं एक नाव बऱ्याचदा सापडेल. परसातल्या कुंपणाचा वंश तिथवर पोचला आहे. व्हॅसिसिन गर्भाशयही आकुंचित करतं, म्हणून गरोदरपणी अडुळसा वर्ज्य सांगतात. तो पथ्याचा नियमही याच द्रव्याकडे बोट दाखवतो.

तरवडाचं शस्त्र टॅनिनचं आहे. टॅनिनचा स्वभाव प्रथिनांना घट्ट धरून बसण्याचा. पान चावलं की ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, तोंड कोरडं पडतं, जीभ आखडते. हेच टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना चिकटलं की कातडं कुजत नाही, त्याचं चामडं होतं. दख्खनेत चामडं कमावायला तरवडाची साल वापरत, ती यासाठीच. शेळीची जीभ आणि ढोरांची कमावणीची कुंडी, दोन्हीकडे रसायन एकच. पावसाळा सरताना या झुडपावर पिवळीधमक फुलं येतात. तेलंगणाचं राज्यफूल ते हेच. 1956 पर्यंत तेलंगणाप्रमाणे बीडही हैदराबाद राज्यातच होतं. पुढे सीमा बदलल्या, पण तरवड दोन्हीकडच्या माळांवर तसाच फुलतो.

निरगुडीच्या पानात उग्र वासाचं तेल. पानं उकळत्या पाण्यात टाकून दुखऱ्या सांध्यांना शेक देतात, आणि वाळवून धान्याच्या कणगीत टाकतात. ज्या वासानं शेळी मागे फिरते, त्याच वासानं पोरकिडाही.

नियमाला अपवाद आहेतच. कडुनिंब माणसाला कडू, पण त्याचा पाला शेळी आवडीनं खाते. निंबाचं भांडण शेळीशी नाहीच. ते कुणाशी आहे, ते चैत्राकडे आल्यावर पाहू.

मृगाची भाजी

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत बांधांवर, पडीक रानात, रस्त्याकडेला तरोटा उगवतो. कोकणात याला टाकळा म्हणतात. पेरणीची धांदल, बाजारातली भाजी महाग, मळ्यात अजून काही आलेलं नाही, अशा नेमक्या दिवसांत हा फुकट उभा राहतो. पण त्याची मुदत थोडी. दोन-चार पानांचे कोवळे शेंडे खुडायचे, ते फुलावर येण्याआधी. पुढे पान जून होतं, वास उग्र होतो, आणि त्यातली रेचक द्रव्यं पोटाला सोसवत नाहीत.

शेंडे निवडून, चिरून, उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळतात. लसूण तेलात लाल होऊ द्यायचा, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ किंवा तूरडाळ, वर भाजी, शेवटी शेंगदाण्याचं कूट. झाकण ठेवायचं नाही, नाहीतर उग्र वास भाजीतच कोंडतो. सोबत ज्वारीची भाकरी. पाणी पिळून टाकण्याची ही रीत अनेक रानभाज्यांना लागू आहे. नकोशी आम्लं आणि कडवट द्रव्यं पाण्यात उतरतात आणि मोरीतून जातात. शेळीला ही सोय नाही. चूल, पाणी आणि पिळायला दोन हात आहेत म्हणून शेळीनं सोडलेलं पान माणसाच्या ताटात येऊ शकतं.

संध्याकाळी तरोट्याकडे पुन्हा बघावं. त्याची पानं जोडीजोडीनं मिटलेली असतात. देठाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी कमी झालं की पान मिटतं, भरलं की उघडतं. सूर्य मावळला म्हणून ते मिटत असेल, असं वाटतं. पण 1729 साली दमेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं अशीच पानं मिटणारी एक वनस्पती अंधारात ठेवून पाहिली. ऊन दिसत नसतानाही तिची पानं वेळ झाली की उघडत होती. सजीवांच्या अंगात स्वतःचं घड्याळ असतं, या शोधाची सुरुवात तिथून झाली. आपल्या बांधावरच्या तणात ते घड्याळ रोज चालू असतं.

तरोट्याचे उपयोग भाजीवर संपत नाहीत. शेंगा वाळल्या की बी गोळा करून व्यापाऱ्याला विकतात. चीन आणि जपानमध्ये ते भाजून त्याचा चहासारखा काढा पितात. शिवाय तरोटा दाट उगवला की गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं आणि नंतर महाराष्ट्रभर पसरलेलं हे गवत हटवायला तरोट्याचं बी फेका, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञ देतात.

याच दिवसांत करटुल्याचा वेल जमिनीतून वर येतो. त्याचा कंद कोरडे सात-आठ महिने मातीत निपचित पडून असतो आणि पावसानं जागा होतो. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बांधावर एकटा मादी वेल असेल तर फळ धरत नाही, म्हणून जाणती माणसं नर वेल ‘वांझ’ म्हणून उपटत नाहीत. वाघाट्याचा मान आषाढी द्वादशीला. पैठणहून निघालेली संत एकनाथांची पालखी बीड जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. एकादशीचा उपास द्वादशीला वाघाट्याच्या भाजीनं सोडायचा, ही रीत अनेक घरांत आहे. वाघाटी काटेरीही आहे आणि कडूही, म्हणजे तिनं बचावाचे दोन्ही उपाय योजलेत. भूमध्य समुद्राकाठचे लोक ज्या केपरच्या कळ्या खारवून खातात, ते केपर हिचं सख्खं भावंड. तिथेही कडवटपणा मिठात मुरवून मगच खातात.

घोळीचा रात्रीचा श्वास

या सगळ्यांत माझी आवडती घोळ. लालसर मांसल दांडा, जाडसर गुळगुळीत पानं, जमिनीलगत पसरलेली. खुरपताना उपटून बांधावर टाकली तरी ती दिवसचे दिवस मरत नाही. पडल्या पडल्या बी पिकवते आणि ओल मिळाली तर परत मूळ धरते. शेतकरी तिला वैतागतो. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र तिच्यापुढे हात टेकतात.

कारण असं. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं ते बारीक छिद्रांतून. पण छिद्र उघडलं की पाणीही उडून जातं. कोरड्या मुलखात हा मोठा घाटा. कोरफड आणि निवडुंग यांनी त्यावर तोड काढली आहे. ते रात्री गारव्यात छिद्रं उघडतात, वायू आत घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून तो साठा वापरतात. पाणी वाचतं, पण वाढ सावकाश. ज्वारी, मका आणि ऊस यांची तोड निराळी. ते कडक उन्हातही कार्बन झपाट्यानं पकडतात, म्हणून भराभर वाढतात. या दोन युक्त्या एकाच वनस्पतीत नांदणं फार दुर्मीळ. घोळीला दोन्ही येतात. ओल असेल तेव्हा ती ज्वारीसारखी वाढते, ताण पडला की कोरफडीसारखी रात्री श्वास घेऊ लागते. 2022 साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की या दोन्ही क्रिया तिच्या पानात एकाच प्रकारच्या पेशींत, एकमेकींत गुंफून चालतात.

याचा पुरावा जिभेवर घेता येतो. पावसानं दडी मारलेली असताना घोळीचं एक पान पहाटे खाऊन पाहा आणि त्याच झाडाचं दुसरं दुपारी. पहाटेचं जास्त आंबट लागतं. रात्रभर साठलेलं मॅलिक आम्ल अजून पानातच असतं. दिवस चढेल तसं ते खर्च होतं. डाळीत घालायची असेल तर सकाळी खुडावी, आंबटपणा नको असेल तर दुपारनंतर. हिरव्या पालेभाज्यांत घोळीइतकं ओमेगा-3 क्वचितच सापडतं. 100 ग्रॅम ताज्या पाल्यात ते 300 ते 400 मिलिग्रॅम मोजलं गेलंय. तिच्यात ऑक्झॅलिक आम्लही बरंच असतं, म्हणून मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तिच्या नादी लागू नये. बाकीच्यांनी ताकातली करावी.

कापडावर उतरलेली आंब

मार्गशीर्ष-पौषात रानात आंबटपणा पुन्हा भेटतो, तो हरभऱ्यावर.

हरभऱ्याच्या शेतातून उघड्या पायांनी चाललं की पोटऱ्या चुरचुरतात. ओठाला एक पान लावलं की जीभ झिणझिणते. पान भिंगाखाली धरलं तर कारण दिसतं. सगळ्या पानावर, देठावर, घाट्यावर बारीक केस आणि प्रत्येकाच्या टोकाशी एक चकाकता थेंब. हीच आंब. तिच्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. घोळ जे आम्ल पानाच्या आत जपून ठेवते, तेच हरभरा बाहेर मांडतो. घोळीनं ते पाणी वाचवायला केलं, हरभऱ्यानं अळी हटवायला. घाटे अळी ही हरभऱ्याची पहिल्या नंबरची वैरीण. पानावरचं ऑक्झॅलिक आम्ल अळीच्या पोटात गेलं की तिची वाढ खुंटते. ज्या वाणांवर आम्ल जास्त, त्यांच्यावर अळीचा जोर कमी, हे प्रयोगांत दिसून आलंय.

आंब धरायची पद्धत अशी. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं पांढरं सुती कापड घ्यायचं, खळीचं नको. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी ते पिकावर अंथरायचं किंवा पहाटे पिकावरून अलगद ओढत न्यायचं. दव पडलं की थेंब विरघळतात आणि कापडात उतरतात. उजाडल्यावर, ऊन तापायच्या आत, ते कापड काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात पिळायचं. तांब्या-पितळेचं भांडं चालत नाही, आम्ल धातूला खातं. काही घरांत कापड पिळत नाहीत. सावलीत वाळवून तेच पुन्हा रात्री अंथरतात. असं केलं की आंब त्यात मुरत जाते आणि कापड पापडासारखं कडक होतं. पुढे वर्षभरात कुणाचं पोट दुखलं, अपचन झालं, की त्याचा एक तुकडा पाण्यात बुडवायचा. बाटलीतली असेल तर पेलाभर पाण्यात चार-सहा थेंब. दात आंबतात म्हणून घोट पटकन गिळायचा.

त्याच शेतात हरभऱ्याचे शेंडे खुडून भाजी करतात. त्यात पिकाचं नुकसान नाही. शेंडा गेला की खालच्या फांद्या फुटतात आणि फांद्या वाढल्या की घाटे वाढतात. म्हणून पीक महिन्याभराचं झालं की शेंडे खुडा, असंच सांगतात. करडईचंही वेळापत्रक ठरलेलं. कोवळी असताना भाजी, पुढे पानांच्या कडांना काटे आले की ना माणूस तिच्या वाटेला जातो ना जनावर. ज्वारीच्या रानातली पाथरी तर कच्चीच, भाकरीसोबत.

बीडमधल्या लाखो माणसांना मात्र ही हिवाळी शिदोरी मिळत नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीची घरं टोळीबरोबर बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ती परत येत नाहीत. तरोटा, करटुलं, सीताफळ त्यांच्या वाट्याला येतं. आंब आणि पाथरी घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या.

मुळाची वेळ, सालीची वेळ

वेळेचं हे गणित जुन्या वैद्यांनी लिहून ठेवलंय. चरकसंहितेच्या कल्पस्थानात, कोणत्या झाडाचा कोणता भाग कधी घ्यावा हे सांगितलं आहे. कोवळी पानं-फांद्या वर्षा आणि वसंतात. मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात. साल, कंद आणि चीक शरदात. खोडाचा गाभा हेमंतात. फुलं-फळं ज्याच्या त्याच्या ऋतूत. यातला मुळांचा नियम पाहा. पानं झडली की झाडाचं वर काम उरत नाही आणि साठा खाली उतरलेला असतो. शतावरीचा वेल पावसाळ्यात हिरव्या जाळीसारखा झुडपांवर पसरतो, तेव्हा तिच्या मुळांचा साठा वर खर्च होत असतो. वेल पिवळा पडून वाळला की मुळं भरतात. तेव्हा खणायची, आणि तीही सगळी नाही. पान खुडलं तर झाड नवं पान काढतं. मूळ खणलं तर वेलच जातो. डोंगरातल्या शतावरीचं नुकसान शेळीनं केलं नाही, कुदळीनं केलं.

बीड जिल्ह्यातच परळीला वैद्यनाथाचं ज्योतिर्लिंग आहे. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी देवांनी याच लिंगात लपवले, अशी तिथली कथा. इकडे भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात सांगितलंय की रामाच्या युद्धात मेलेल्या वानरांना उठवायला इंद्रानं अमृत शिंपडलं, त्याचे थेंब जिथे पडले तिथे गुळवेल उगवली. गुळवेलीला अमरपण का चिकटलं, ते तिच्याकडे पाहिल्यावर कळतं. निंबावर चढलेल्या जुन्या वेलीचं खोड खाली तोडलं तरी वरची वेल वाळत नाही. ती दोऱ्यासारखी बारीक मुळं हवेत सोडते, ती हातभर, पुरुषभर लोंबत खाली येतात आणि जमीन सापडली की परत रुजतात. तोडलेला तुकडा फडताळात ठेवला तरी त्याला कधी कधी कोंब येतो.

पण अमृतालाही मात्रा असते. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला गेला. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल, असा खुलासा आयुष मंत्रालयानं केला. दोन्हींतून धडा एकच: वेल नीट ओळखता आली पाहिजे, आणि यकृताचा किंवा स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा घेऊ नये. धोतऱ्याच्या बाबतीत तर विचारणंही नको. त्याच्यातलं ॲट्रोपिन दवाखान्यात मोजून वापरलं जातं. घरात त्याचं बी पोटात गेलं तर माणूस भ्रमतो, जीवही जाऊ शकतो.

चैत्राचा कडू घास

ऊसतोडीची पहिली घरं परतायला लागतात तेव्हा कडुनिंबाला तांबूस पालवी फुटलेली असते. गुढीपाडव्याला कोवळी पानं, गूळ, चिंच, ओवा, हिंग, मीठ एकत्र वाटून त्याची गोळी खातात. पण निंबाचं खरं शस्त्र पानापेक्षा बियांत असतं. 1959 साली सुदानात टोळधाड आली. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटेरर यांनी पाहिलं की भोवतालचं सगळं हिरवं साफ झालंय आणि कडुनिंब तेवढा उभा आहे. त्यामागचं द्रव्य पुढे सापडलं, ॲझाडिरॅक्टिन. किड्याची भूक मारणारं आणि त्याची कात टाकण्याची क्रिया बिघडवणारं. निंबाचं भांडण होतं ते हे, कीटकांशी. या रेणूची रचना इतकी गुंतागुंतीची की केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले यांच्या गटाला तो प्रयोगशाळेत पायरी पायरीनं बांधायला 22 वर्षं लागली. 2007 साली ते जमलं. आपल्याकडे निंबाचं झाड तोच रेणू दर उन्हाळ्यात फुकट घडवतं आणि ज्येष्ठात, ऐन पेरणीच्या तोंडावर, झाडाखाली सडा घालतं. निंबोळ्या वेचून, वाळवून ठेवायच्या. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून 100 लिटर पाणी केलं की फवारणीचा पाच टक्के अर्क तयार.

परसात काय लावावं, याचंही उत्तर या जिल्ह्यानं स्वतःचं शोधलंय. पाच महिने दाराला कुलूप असेल तर पुदिना-कोथिंबीर जगत नाही. जगतात ती कोरफड, कुंपणाचा अडुळसा, शेवगा आणि निंबावरची गुळवेल. गुळवेल लावायला मृगाच्या आधी बोटाएवढा जाड, दोन-तीन डोळ्यांचा तुकडा निंबाच्या बुडाशी तिरपा रोवायचा, एवढंच. मोरीच्या पाण्यावर पानओवा आणि गवती चहा निघतो. माणसं घरी असतील तर तुळस.

या सगळ्या साठ्यावर आज जे संकट आहे, ते शेळीचं नाही आणि दुष्काळाचंही नाही. ज्वारी-तुरीच्या मिश्र पिकांची रानं जाऊन सोयाबीन आलं, खुरपणीला माणूस मिळेना आणि तणनाशक आलं. तरोटा, घोळ, कुर्डू, केना यांची गणती ‘रुंद पानांची तणं’ अशी झाली. शेळीच्या, अळीच्या आणि उन्हाच्या विरुद्ध या वनस्पतींनी हजारो वर्षं घडवलेली शस्त्रं फवाऱ्यापुढे चालत नाहीत. कृषी विभाग दर ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, ते चांगलंच आहे. पण भाजी महोत्सवात येते ती कुठल्या तरी बांधावरून खुडलेली असते. बांधच फवारला तर मांडायला काय राहणार?

उपाय मोठा नाही. पंपाची नळी बांधापासून हातभर अलीकडे थांबवायची. त्या पट्ट्यात तरोटा वर आला की शेंडे खुडता येतील, काही झाडं बियांवर सोडता येतील, म्हणजे पुढच्या वर्षीचं गाजर गवत परस्पर आवरेल. घोळ पसरली तर खुरपताना टोपलीत टाकायची. उघड्या बांधावरून पाण्यानं वाहून जाणारी मातीही तिथे अडेल. एका एकराला एक पट्टा सोडला तर सोयाबीनचं उत्पन्न बुडत नाही. आणि पुढच्या मृगात बाजारात भाजी परवडत नसेल, त्या आठवड्यात त्या पट्ट्याचा भाव कळेल.